ठमीचा ताबा

मी, या दस्ताच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा दस्त टंकलेखन, अडतीस वर्षे नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात, आता निवृत्त, हे माझे मृत्युपत्र माझ्याच टंकयंत्रावर लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून उद्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचे आहे आणि परवा शस्त्रक्रिया. या ठिकाणी 'कोणाच्याही धाकाशिवाय' असे लिहायची रीत आहे. इतरांसाठी मी ते हजारो वेळा टंकले, पण स्वतःचे टंकताना खरे लिहिते. धाक आहे. तो आज संध्याकाळी पाच वाजता गाडी घेऊन माझ्या दारात येणार आहे. आत्ता दुपारचा एक वाजून दहा मिनिटे झाली आहेत.

येणाऱ्या गृहस्थाला माझी कुत्री ठमी हवी आहे. ती त्याला मिळू नये हा या मृत्युपत्राचा मुख्य हेतू. घर, पैसे वगैरेंचे वाटप ओघाने आले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, लोकांची करता करता माझे राहून गेले.

टंकताना चूक झाली तर मी रबराने खोडत नाही. चुकलेल्या शब्दांवर सरळ रेघ मारायची, ते खाली वाचता आले पाहिजेत, बाजूला आद्याक्षर करायचे आणि शेवटी एकूण खाडाखोड मोजून लिहायची, ही आमच्या व्हरांड्यातली शिस्त. या दस्तालाही तीच लागू.

कलम १. राहते घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पूर्वेस गल्ली व दाराच्या तीन पायऱ्या, पश्चिमेस मागची भिंत, उत्तरेस इस्त्रीवाल्याची खोली, दक्षिणेस पाण्याची टाकी. हे घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला, पूर्ण मालकीने द्यावे. ती दवाखान्यात परिचारिका आहे. सहा वर्षे ती मला चोरून भेटायला येते. तिच्या बापाला ते माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे. दाराच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर ठमीच्या नखांचे ओरखडे आहेत. भाचीने रंग काढताना तेवढी पट्टी सोडावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण आमच्या घराण्यात न रागावता काम करणारी तेवढी एकच आहे.

कलम २. शिल्लक. दवाखान्याचे बिल भागून जी काही उरेल ती सर्व भाचीला. ही भेट समजू नये. तिच्या परिचारिकेच्या शिक्षणाची फी मी भरीन असा शब्द मी दिला होता. फी भरायच्या महिन्यातच मी ठमी विकत घेतली. भाची दोन वर्षे औषधांच्या दुकानात उभी राहिली आणि स्वतःच्या पैशांनी शिकली. तिने मला एकदाही बोलून दाखवले नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

कलम ३. अवजारे. हे टंकयंत्र, शाईच्या फितींचा डबा आणि पितळी कागददाब व्हरांड्यात माझ्या पलीकडच्या टेबलावर बसणारीला द्यावेत. तिने संगणक आणला तेव्हा माझ्या यंत्राला सगळ्यांदेखत 'हातगाडी' म्हटले होते. आता ती तिने ओढावी. वीज गेली की तिला माझी आठवण येईल.

कलम ४. ठमी. माझ्या ताब्यात असलेली, शुद्ध जातीची लॅब्राडोर कुत्री, रंग फिकट पिवळा, वय सहा वर्षे, उजव्या कानाला आतून काळा ठिपका, पोटावर शस्त्रक्रियेची आडवी खूण. कागदोपत्री तिला तीन शब्दांचे खानदानी नाव आहे. ते मला उच्चारता येत नाही आणि ती त्याला ओ देत नाही. घरी ठमी.

पैसे मोजले की जातिवंत कुत्रे आपले झाले, असे मलाही वाटले होते. माझ्या वर्षभराच्या कमाईएवढी रक्कम मी एका दुपारी मोजून दिली. ती फक्त दारातून आत येण्याची किंमत होती. मग खास खाणे, कारण साध्या भाताने तिच्या अंगावर पुरळ उठे. लसी. कंबरेच्या सांध्याची औषधे. तिने फाडलेल्या दोन गाद्या, एक खुर्ची, इस्त्रीवाल्याच्या गिऱ्हाइकाचा एक कोट. शिवाय मी दुपारी घरी यायला लागले, तेव्हा व्हरांड्यातली निम्मी गिऱ्हाइके पलीकडच्या टेबलावर गेली. हे सगळे मी हसत सोसले. ज्या किमती कागदावर कुठेच नव्हत्या त्या पुढे येतात.

मी कुत्रे घेतलेच का, हे भाची विचारील. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत आले की दिवा लावेपर्यंत मला भीती वाटत असे. कशाची ते सांगता येणार नाही. साधे कुत्रे रस्त्यावरून आणता आले असते. पण जन्मभर मी दुसऱ्यांच्या मालमत्तेचे कागद केले, आणि नोंद असलेली, शिक्का असलेली, माझ्या नावावरची एक तरी जिवंत वस्तू मला हवी होती. हा माझा माज होता. तो मी इथे नोंदवते.

कलम ५. करार. ठमी ज्याच्याकडून घेतली तो जातिवंत कुत्र्यांची पैदास करून विकतो. मिशांमुळे त्याला सगळे कर्नल म्हणतात. फौजेत तो कधीच नव्हता. मी पैसे दिले तेव्हा त्याने दोन पानांचा करार पुढे केला आणि पन्नास दिवसांचे पिल्लू माझ्या मांडीवर ठेवले. पिल्लू तिथून टेबलावर उतरले आणि दुसऱ्या पानावर अंगाचे मुटकुळे करून झोपले. ते पान वाचायचे तर तिला उठवावे लागले असते. मी तिच्या शेपटीखालून कागदाचा कोपरा ओढून सही केली. लोकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असे अडतीस वर्षे सांगणाऱ्या बाईने केले ते असे. व्हरांड्यात कळले असते तर माझे टेबल उचलून फेकले असते.

दुसऱ्या पानावर लिहिले होते की कुत्रीची दोन वेते कर्नलची. नर तो ठरवील, वेळ तो ठरवील, पिल्ले त्याची. त्याच्या लेखी परवानगीशिवाय तिला पिल्ले होणे बंद करायचे नाही. आणि खरेदीदार मेला, किंवा सलग पंधरा दिवसांहून अधिक काळ घराबाहेर राहिला, तर कुत्री कर्नलकडे परत जाईल.

पहिले वेत ठमी तीन वर्षांची असताना झाले. तो तिला घेऊन गेला आणि महिन्याने त्याने ती गाभण परत आणून सोडली. पिल्ले अडली, पोट फाडावे लागले. सात जगली, दोन गेली, आणि ठमी चार दिवस मान उचलत नव्हती. मी तिच्या शेजारी फरशीवर झोपले. जनावरांचे डॉक्टर गोड बोलणाऱ्यांपैकी नाहीत. ते म्हणाले, "बाई, पुन्हा पिल्लं होऊ दिलीत तर आई हातची जाईल. मी आत्ताच सांगून ठेवतो."

मी ते कर्नलला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि तीन वर्षे वाट पाहिली. परवा त्याचा फोन आला. माझी शस्त्रक्रिया आहे ही बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली ते मला ठाऊक आहे, इस्त्रीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दवाखाना म्हणतो तीन आठवडे. कर्नलला पंधरा दिवस पुरतात.

"तुम्ही निवांत जा," तो म्हणाला. "पंधरा दिवस उगाच कशाला थांबायचं? शनिवारी पाचला गाडी घेऊन येतो. तिचं दुसरं वेतही उरकून टाकू. कागद कागद असतो, तुम्हाला मी काय सांगायचं?"

छातीत कळ आली होती. तो माझ्या गप्प बसण्याला होकार समजला. आज शनिवार. मी मेले तरी ठमी त्याची आणि वाचले तरी त्याचीच, फक्त वाचले तर ती कशी मेली हे मला ऐकावे लागेल.

अडीच वाजले. चहा केला, तो गार झाला. ठमी टेबलाखाली माझ्या पावलांवर हनुवटी टेकून आहे. आज ती खेळायला मागत नाही.

कलम ६. पाकीट. कपाटाच्या वरच्या खणात, हिशेबाच्या जुन्या वह्यांखाली, एक बंद पाकीट होते. ते मी आठ महिने लपवले. आता ते टेबलावर आहे.

ठमीच्या सात पिल्लांचे विक्रीचे कागद कर्नलने माझ्याकडूनच टंकून घेतले होते. त्यातले एक पिल्लू बेकरीवाल्याने घेतले. गेल्या वर्षी तो कुत्र्याला साखळी लावून माझ्या टेबलापाशी आला. कुत्र्याचे कान उभे, शेपूट वळून पाठीवर. "बाई, कागद तुम्हीच केलाय. हे लॅब्राडोर आहे का, तुम्हीच सांगा," एवढेच तो म्हणाला. दोष पिल्लाच्या बापाचा असेल अशी आशा धरून मी डॉक्टरांना ठमीचे रक्त तपासायला पाठवायला सांगितले. ठमीचा बाप म्हणून ज्या नामांकित कुत्र्याची नोंद आहे, त्याच्या रक्ताचा नमुना नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असतो. तो ठमीशी जुळला नाही. अहवालात लिहिले आहे की आई लॅब्राडोर, बाप नोंदीतला नव्हे, बापाची जात सांगता येत नाही.

हे का महत्त्वाचे ते सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका किराणा दुकानदाराच्या दस्तात 'पूर्वेस' ऐवजी 'पश्चिमेस' टंकले. न्यायाधीशांनी निकाल दिला की दस्तात वर्णन केलेली जमीन अस्तित्वातच नाही, सबब दस्त कशालाच लागू नाही. दुकानदाराची मागची भिंत गेली. तो मला बोलला नाही, पण माझ्याकडे पुन्हा आलाही नाही. तेव्हापासून मला पक्के ठाऊक आहे की दस्त म्हणजे वर्णन. कर्नलचा करार अमुक बापाच्या, अमुक क्रमांकाच्या, शुद्ध जातीच्या कुत्रीचा आहे. तशी कुत्री माझ्या घरात नाही, कधीच नव्हती. माझ्या पावलांवर झोपलेली आहे ती दुसरी, आणि तिच्यावर त्या कराराचा काडीचा अधिकार नाही.

आठ महिन्यांपूर्वीच हे मी कर्नलच्या तोंडावर मारू शकले असते. डॉक्टरांनी तेच सुचवले होते. मी 'बघू' म्हणाले आणि पाकीट वह्यांखाली घातले. बेकरीवाल्याला 'अजून काही कळलं नाही' असे धडधडीत खोटे सांगितले. ठमीच्या जिवावर टांगती तलवार होती आणि मी पाकीट लपवून बसले. कारण पुढच्या कलमात आहे. ते कलम मी सकाळपासून टाळते आहे.

कलम ७. धाकटा भाऊ. तो नळाची कामे करतो. ठमी घरी आली त्या आठवड्यात तो फीच्या पैशांचे विचारायला आला. मी पैशांचे उत्तर न देता त्याला पिल्लू दाखवले आणि कागद दाखवले, शिक्के, नाव, बापाचे पदक. त्याने कागद हातात घेतले नाहीत. पिल्लाला उचलले, कान उलटून पाहिला, खाली ठेवले.

"ताई, त्या कर्नलच्या मागच्या भिंतीपाशी नळ मीच बसवलाय," तो म्हणाला. "तिथून उडी मारून रात्रीचं कोण आत येतं ते मी पाहिलंय. तू कागद विकत घेतलास. कुत्रं फुकट आलंय."

मला राग कशाचा आला? फीचा शब्द मोडल्याची लाज होती, तिच्यावर तो बरोबर बोट ठेवत होता, आणि वर माझ्याच धंद्यात मला शिकवत होता. मी म्हणाले, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." तो चढला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. मला पहिला झटका आला तेव्हा तो औषधे घेऊन गल्लीत उभा होता, आणि भाची ती आत आणत होती.

अहवाल उघडायचा म्हणजे गल्लीदेखत, साक्षीदारांदेखत, धाकट्याचे बरोबर होते असे म्हणायचे. ते मला आठ महिने जमले नाही. कुत्री मेली तरी चालेल पण मी खरी ठरले पाहिजे, असे मी कधी मनात म्हटले नाही, पण वागले तशीच. या दस्तात माझे जे काही गुन्हे आहेत त्यांत हा सर्वांत मोठा.

सबब मी लिहून देते की धाकट्याचे बरोबर होते. कुत्र्याबाबत होते आणि फीबाबतही होते.

ठमी त्याला द्यावी. मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होते आणि कर्नल पाचला येतो, ही अडचण मला कळते. म्हणून ठमीचा ताबा आजच, माझ्या हयातीत, बक्षीस म्हणून धाकट्याला देते. मी वाचले तर रोज संध्याकाळी तिला भेटायला त्याच्याकडे जाईन, आणि तो येऊ देईल अशी आशा करते. ठमीला पिल्ले होणार नाहीत अशी व्यवस्था डॉक्टरांनी तिची तब्येत पाहून करावी. तिला साधा भात सोसत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे.

कलम ८. सात घरे. मी टंकलेल्या खोट्या कागदांवर सात पिल्ले विकली गेली. अहवालाची प्रत आणि माझे माफीचे पत्र प्रत्येक घरी जावे. पहिले बेकरीवाल्याकडे. पिल्लांना कोणी घराबाहेर काढू नये अशी मी हात जोडून विनंती केली आहे.

साडेतीन वाजता भाचीला फोन करून सगळे सांगितले. तिने फक्त "बाबांना पाठवते" म्हटले. सव्वाचारला दाराशी चाहूल लागली. उघडले तर धाकटा पायऱ्यांच्या खाली गल्लीत उभा, हातात कामाची पिशवी, डोक्यावरचे केस सगळे पांढरे. मी "ये" म्हणाले. त्याने मान हलवली, पायऱ्यांकडे पाहिले आणि गल्लीतल्या कट्ट्यावर बसला. ठमी माझ्या पायांतून निसटली, पायऱ्या उतरली आणि त्याच्या गुडघ्याला अंग घासून बसली. सहा वर्षांपूर्वी अर्धा मिनिट उचलले होते तेवढीच त्यांची ओळख. मी पट्टा त्याच्याकडे फेकला आणि आत येऊन यंत्रावर बसले.

कलम ९. पुरवणी. वेळ चार वाजून एक्कावन्न मिनिटे. कर्नल वेळेआधी आला. मोठी गाडी, मागे लोखंडी पिंजरा, दोन माणसे. डॉक्टर आणि इस्त्रीवाला साक्षीसाठी आलेलेच होते. धाकटा उठला नाही. पट्टा त्याने मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला, एवढे मी खिडकीतून पाहिले.

मी अहवालाची प्रत आणि एक टंकलेला कागद घेऊन पायऱ्यांवर गेले. त्यावर एकच मजकूर होता, 'ही कुत्री नोंदीत नमूद केलेल्या बापाचीच आहे असे मी शपथेवर सांगतो.' खाली सहीची जागा.

"सही करा आणि घेऊन जा," मी म्हणाले. "मी आडवी येणार नाही."

त्याने सही केली असती तर मी काय केले असते ते मला माहीत नाही. धाकट्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत 'ताई, हे काय केलंस' एवढेच होते. कर्नलने खिशातून पेन काढले. चष्मा लावला. अहवाल वाचला, उलटून त्याचे दुसरे पानही वाचले. तो माणूस वाचल्याशिवाय सही करत नाही. मग त्याने विचारले, की ही प्रत आणखी कोणाकडे आहे. डॉक्टर म्हणाले, मूळ माझ्याकडे. इस्त्रीवाला म्हणाला, मीही वाचलाय. या जन्मात त्याच्या तोंडाचा मला एवढा आधार कधी वाटला नव्हता.

कर्नलने पेनाला टोपण लावले. "तब्येत सांभाळा, बाई," म्हणाला. पिंजरा रिकामाच गेला.

खाडाखोड. या दस्तात एकूण खाडाखोड एक. कलम ४ मध्ये सवयीने टंकलेले 'शुद्ध जातीची' हे दोन शब्द रेघ मारून खोडले, बाजूला आद्याक्षर केले, ते मला मान्य आहे. खालचे वाचता येते. त्याच कलमातला 'लॅब्राडोर' हा शब्द आईपुरता ठेवला आहे. बाकी वर्णन, काळा ठिपका आणि पोटावरची खूण धरून, बरोबर असून कायम आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. या वेळी दोन्ही बाजूंनी.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, टेबल.
दिनांक: भरतीच्या आदला दिवस, शनिवार. वेळ: पाच वाजून वीस मिनिटे.

लिहून देणार: (सही) टंकलेखिका

साक्षीदार १: (सही) जनावरांचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) इस्त्रीवाला, शेजारी

ज्याला मिळायचे तो साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून धाकट्या भावाची सही साक्षीत नाही. त्याची ताब्याची पावती खाली वेगळी, त्याच्याच हातची:

कुत्री मिळाली. तक्रार नाही. सही आत येऊन केली आहे.
(सही) धाकटा